उदगीरच्या काचपेटीतले समुद्रघोडे

१२ जानेवारी २०१६, मंगळवार

शेषेराव सरांनी आज मला दोन वह्या दिल्या. एक मोठी. तिच्यात रोज टाकीचं तापमान, क्षारता आणि काय काय केलं ते लिहायचं. दुसरी लहान. ही कशाला, विचारलं तर म्हणाले, "बाई, मोठ्या वहीत मावणार नाही ते हिच्यात लिहा. ही मी बघणार नाही."

काय लिहू? मी नीलम्मा हुडगे. उदगीरच्या कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर आहे. एकोणीस वर्षं झाली. शिक्षण बारावी. काचसामान धुणं, प्रॅक्टिकलला ट्रे मांडणं, बरण्यांतलं फॉर्मॅलिन बदलणं हे काम. या खोलीतला एकही प्राणी मी आजवर जिवंत बघितलेला नाही.

आता बघणार म्हणे. सर बुटके समुद्रघोडे आणणार आहेत. पुरा वाढलेला घोडा करंगळीच्या पेराएवढा. परदेशातल्या समुद्रातली जात, पण हे चेन्नईच्या पैदास केंद्रात काचेतच जन्मलेले. वनखात्याच्या परवानगीसाठी सरांनी दीड वर्ष खेटे घातले. कागद आला तेव्हा त्यांनी तो मला पहिल्यांदा दाखवला, कारण खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

कारण सरांनी स्पष्ट सांगितलं. बी.एस्सी.ला आमच्याकडं चौदा पोरं उरलीत. जूनमध्ये विद्यापीठाची समिती येऊन विभाग ठेवायचा का बंद करायचा ते ठरवणार. समुद्र कधी न बघितलेल्या पोरांना इथं समुद्र दाखवला तर पोरं येतील, असं सरांचं म्हणणं.

२७ जानेवारी

टाकी चोवीस लिटरची. घरच्या दोन हंड्यांएवढं पाणी. त्यात खास मीठ विरघळवलं, खाली पांढरी वाळू, कोपऱ्यात स्पंजचा फिल्टर, त्याला हवेच्या पंपाची नळी. शेपटीनं धरून बसायला हिरव्या समुद्री शेवाळाच्या काड्या. आता पाणी महिनाभर पिकू द्यायचं, म्हणजे घाण खाणारे जंतू त्यात वाढू द्यायचे. रिकाम्या टाकीकडं रोज बघते आणि "आज काही नाही" असं मोठ्या वहीत लिहिते.

काल झेंडावंदनाला लातूरपासून तोडून उदगीर नवा जिल्हा म्हणून जाहीर होणार, अशी पेठेत बोलवा होती. झाला नाही. जिल्हा कृती समितीचे सचिव गुंडप्पा यांनी आणलेले फटाके तसेच दुकानात आहेत. नळाला मात्र काल सतरा दिवसांनी पाणी आलं, तेही गढूळ. आम्ही प्यायला जार घेतो. विसाचा जार चार दिवस पुरवायचा, असं ठरलेलं आहे.

२१ फेब्रुवारी, रविवार

आले. नऊ आले. चार नर, पाच माद्या.

सर हैदराबादच्या विमानतळावरून जीपनं घेऊन आले. थर्माकोलच्या खोक्यात पिशव्या, पिशवीत पाणी, आणि पाण्यात बघितलं तर काहीच नाही. मग एक काडी हलली. मान खाली, शेपटी गुंडाळलेली, डोळे दोन्ही बाजूंना वेगवेगळे फिरणारे. सरांनी पिशवीतलं पाणी आणि टाकीतलं पाणी थोडं थोडं एक करत तास घालवला. आम्ही दोघं जमिनीवर बसून होतो. एका घोड्यानं शेवाळाला शेपटीचा वेढा घातला आणि डोलायला लागला, तेव्हा सर म्हणाले, "बसला."

त्यांचं खाणं जिवंतच लागतं. आर्टेमिया नावाचे बारीक कोळंबीसारखे जीव. अंडी कॉफीच्या भुकटीसारखी दिसतात. खाऱ्या पाण्यात टाकून हवा सोडली की चोवीस तासांत पिल्लं निघतात, असा तक्ता सरांनी भिंतीवर लावलाय. या घोड्यांना जठरच नसतं. खाल्लेलं लगेच पुढं सरकतं, म्हणून दिवसातून तीनदा घालायचं. रविवार नाही, सण नाही.

१ मार्च

सर पडले. कंधारहून येताना मोटारसायकल घसरली. मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलंय. हैदराबादला नेलं. तीन महिने तरी उठणार नाहीत.

फोनवर आवाज बारीक येत होता. स्वतःच्या पायाबद्दल एक शब्द नाही. म्हणाले, "बाई, सकाळचं घातलं का?" मी म्हणाले, घातलं. म्हणाले, मग झालं.

विभागातले दुसरे प्राध्यापक तासाला येतात आणि जातात, टाकीकडं बघत नाहीत. म्हणजे आता मीच. मी भांडी धुणारी बाई. नऊ जीव बघून अंगावर काटा येतो.

२२ मार्च

पेपरात आलं. "लोकांना प्यायला नाही, कॉलेजात माशांना शुद्ध पाणी." पत्र गुंडप्पांचं. पेठेत त्यांचं कापडाचं दुकान, बोलणं खणखणीत, लोक ऐकतात. खोटं तरी काय लिहिलं? लातूरला पाण्याच्या टाकीपाशी पाचापेक्षा जास्त माणसं उभी राहायला बंदी केलीय. आमच्या गल्लीत टँकर आला की बायका एकमेकींच्या घागरी ढकलतात.

संध्याकाळी सासूबाईंनी पेपर मांडीवर घेतला. गौरम्मा म्हणजे माझ्या सासूबाई, मी आत्या म्हणते. चष्मा लावून सगळं वाचलं आणि घडी करून ठेवून दिला. "तुझं नाव न्हाई यात," एवढंच म्हणाल्या. त्यांना हे पटत नाही, हे मला कळतं.

२६ मार्च, शनिवार

प्राचार्य महादेवप्पा सरांनी बोलावलं. वाईट माणूस नाही, पण पेपरात नाव आलं की त्यांचा रक्तदाब वाढतो. म्हणाले, कॉलेजचं पाणी एक थेंब वापरायचं नाही. घोडे चेन्नईला परत पाठवू.

मी म्हणाले, एवढ्या उन्हात वाटेत मरतील. सर येईपर्यंत राहू द्या. पाणी मी घरून आणते.

"किती लागतं?"

मी मोठी वही नेली होती. रोज अर्धा लिटर उडून जातं, तेवढं साधं पाणी भरायचं, कारण पाणी उडतं पण मीठ उडत नाही. शिवाय आठवड्याला दोन लिटर बदलायचं. म्हणजे आठवड्याला साडेपाच लिटर. प्राचार्यांनी वही उलटसुलट करून बघितली. एवढंच? असं तोंडावर दिसलं. म्हणाले, जूनमध्ये समिती येईपर्यंत ठेवा. एक जरी तक्रार आली तर मी जबाबदार नाही.

घरी सांगितलं. हे नुसते ऐकून जेवत राहिले. ह्यांचं, वीरण्णांचं, देगलूर रोडला पंक्चरचं दुकान आहे. दिवसभर ट्रकवाल्यांशी बोलून घरी येईतो शब्द संपलेले असतात. आत्या म्हणाल्या, "घरच्या पाण्यात आता घोडे बी आले." आणि पाठ फिरवून पोथी उघडली.

४ एप्रिल

मोठ्या वहीत लिहिलं, पण इथंही लिहिते. आज नराला पिल्लं झाली. नरालाच! सरांनी सांगितलं होतं, मादी अंडी नराच्या पोटाच्या पिशवीत ठेवते आणि तोच वागवतो. ऐकणं वेगळं. तो सकाळपासून शेवाळ धरून वाकत होता, पोट आवळत होता, आणि मग एकेक करून निघाली. नऊ. लिहिलेल्या स्वल्पविरामाएवढी. जन्मल्या जन्मल्या काडी शोधून शेपटी गुंडाळून बसली.

सरांना फोन केला. त्यांनी तीनदा विचारलं, किती? नऊ का? मला वाटलं फोन नीट ऐकू येत नसेल.

७ एप्रिल

सगळी गेली. काल सहा, आज तीन.

तक्त्याप्रमाणे सगळं केलं. चोवीस तास मोजून आर्टेमिया काढले, गाळले, घातले. पिल्लं खात होती, डोळ्यांनी बघितलं मी. खाऊन उपाशी मेली. मोठे घोडेही खंगल्यासारखे दिसतात. सर म्हणाले, पहिली वीण बऱ्याचदा जाते, मनाला लावून घेऊ नका. पण त्यांच्या हातात असती तर जगली असती, हे मला माहीत आहे.

९ एप्रिल

काल पाडवा. सणाला मन लागलं नाही. आर्टेमियाच्या बाटल्या आता घरीच लावते. सलाइनची उलटी बाटली, खाली हवेची नळी, स्वयंपाकघराच्या खिडकीत. कॉलेजला सुट्ट्या लागणार, तिथं वेळेवर बघायला कुणी नसतं.

संध्याकाळी सहाला लावते, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाला काढते. आज काढताना आत्या चुलीपाशी बसल्या होत्या. म्हणाल्या, "आता काढून राहिलीस व्हय? हे तर सकाळीच नारंगी झालतं."

मी जरा चिडूनच म्हणाले, चोवीस तास लागतात आत्या, तक्त्यात लिहिलंय.

"तक्ता मला कळत न्हाई. माझी लिंगपूजा नवाला उरकती. तवा ते पाणी केशरी असतंय. दुपारनं उतरतं, आन् संध्याकाळी पांढरं पडतं. रोज बघून राहिले मी."

मी बाटली गाळायला घेतली. पण जेवताना घास तोंडात राहिला. नारंगी रंग म्हणजे पिल्लांच्या अंगातलं बलक. तेच घोड्यांचं खरं अन्न. तक्ता थंड देशातला. इथं स्वयंपाकघरात चौतीस-पस्तीस असतं, अंडी पंधरा तासांतच फुटत असणार. मी संध्याकाळी काढते तोवर त्या जीवांनी आपलं बलक स्वतःच खाऊन टाकलेलं. मी घोड्यांना नऊ तास उपाशी असलेलं, रिकामं अन्न घालत होते.

१० एप्रिल

खरं आहे. पहाटे पाचपासून तासातासाला बघितलं. साडेआठला सुरुवात, नवाला बाटली केशरी. लगेच गाळून कॉलेजला नेलं. घोड्यांची पोटं बाहेरून केशरी दिसायला लागली. याआधी कधी दिसली नव्हती.

आता दोन बाटल्या. एक संध्याकाळी सहाला लावायची, ती सकाळच्या खाण्याला. दुसरी पहाटे, ती रात्रीच्या जेवणाआधीच्या फेरीला. दुपारच्या खाण्याला सकाळचंच गाळून माठाखाली ओल्या फडक्यात थंड ठेवायचं, म्हणजे बलक टिकतं. वेळा वेगळ्या कागदावर लिहिते. सरांच्या तक्त्याला हात लावला नाही. त्यांना अजून सांगितलेलं नाही. त्यांनी पुस्तकं वाचून केलेलं मी स्वयंपाकघरात बसून बदललं, हे कोणत्या तोंडानं सांगू?

१६ एप्रिल

एक कोडं. जार चार दिवस पुरायचा तो आता पाच दिवस पुरतोय. रोज अर्धा लिटर मी काढून नेते, तरी. माझं मोजायचं कुठं तरी चुकत असावं.

आत्यांनी दुपारचा चहा सोडलाय. उन्हाळ्यात पित्त होतं म्हणतात. ह्यांनीही दुकानाला पाण्याची बाटली न्यायची सोडली, तिथं शेजारी हॉटेल आहे म्हणून. हॉटेल तर मार्चपासून बंद आहे, असं मला वाटत होतं. उघडलं असेल.

१९ एप्रिल

उन्हाचा पारा बेचाळीस. प्रयोगशाळेचे पत्रे तापतात. टाकीचं तापमान एकतीस. घोडे वर तोंड करून धापा टाकल्यासारखे करतात. अठ्ठावीसच्या वर गेलं तर धोका, असं सर म्हणाले. गार करायचं यंत्र मागवू, पण येईल कधी? बर्फाचा कारखाना पाण्यावाचून बंद.

माझं माहेर लातूरजवळच्या मुरुडचं. वडील भाजी विकायचे. उरलेली कोथिंबीर, मेथी ते विटांच्या दुहेरी भिंतीत ठेवायचे. दोन भिंतींच्या मध्ये वाळू, वाळूवर सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडायचं, वरून ओलं गोणपाट. दुसऱ्या दिवशी भाजी ताजी. हे आठवलं, आणि ह्यांना सांगितलं.

ह्यांनी दुकान बंद ठेवलं. वसतिगृहामागं पडलेल्या जुन्या विटा हातगाड्यावर भरून आणल्या. दोघांनी टाकीभोवती तीन बाजूंनी दुहेरी भिंत रचली, मध्ये वाळू भरली, समोरून गोणपाटाचा पडदा. वाळूला पाणी आंघोळीचं, घमेल्यात साठवलेलं. टाकीत थेंब उडू नये म्हणून वर फळी.

२० एप्रिल

दुपारी दोनला बाहेर त्रेचाळीस. खोलीत सदतीस. टाकीत सत्तावीस.

तीनदा बघितलं. ह्यांना फोन करून सांगितलं. पलीकडून ट्रकचा हॉर्न आणि त्यांचं हसणं ऐकू आलं. असे ते क्वचित हसतात.

२३ एप्रिल

दुसऱ्या नराला अकरा पिल्लं झाली. वेगळ्या बरणीत ठेवली, टाकीच्याच शेजारी, विटांच्या आत. केशरी आर्टेमिया दिवसातून चारदा.

२९ एप्रिल

सहा दिवस झाले. अकरापैकी दहा आहेत. पोटं केशरी.

२ मे, सोमवार

जिल्ह्याच्या मागणीसाठी आजपासून दोन दिवस गाव बंद. जारच्या गाड्याही बंद. मी पाण्याची बाटली आणि गाळलेलं खाणं पिशवीत घालून पायी निघाले. चौकात समितीची माणसं बसली होती. गुंडप्पा उठून आले. कॉलेज बंद आहे, कुठं निघालात, असं विचारलं. सांगितलं. त्यांच्या कपाळाला आठी आली. "तेच का मासे? पाणी कुणाचं?"

मी म्हणाले, "माझ्या घरचं. प्यायचं. बघायचं असेल तर चला, पण लवकर चला. खायची वेळ झालीय."

मी असं कसं बोलले, देव जाणे. ते खरंच आले. मागून समितीची दोन माणसं. गोणपाट बाजूला केलं आणि गुंडप्पा गुडघ्यावर बसले. पहिल्यांदा त्यांना काहीच दिसेना. मग एक दिसला, मग एकदम सगळे. मी केशरी पाणी पिचकारीनं सोडलं. घोडे मान वाकवून टिपायला लागले, आणि काचेला कान लावला तर बारीक 'टिक' ऐकू येतं, खाताना तोंड मिटल्याचं. मी त्यांना कान लावायला सांगितलं. पन्नाशीचा माणूस काचेला कान लावून बसला.

उठले तेव्हा धोतराला वाळू लागली होती. किती पाणी लागतं म्हणून विचारलं, मी वही दाखवली. बराच वेळ वाचत होते. मग म्हणाले, "वैनी, मी लिव्हलं त्ये न बघता लिव्हलं." दाराशी थांबून परत म्हणाले, "जिल्हा व्हईल तवा व्हईल. लातूरला हे हाय का?"

मी म्हणाले, नाही. ते एकदम खूश दिसले.

५ मे

गुंडप्पांनी पेपरात दुसरं पत्र दिलं. आणि दर सोमवारी दुकानातून एक जार कॉलेजला पाठवतात. प्राचार्यांना विचारलं नाही. घेतला.

१२ मे

काल हरले असते.

सकाळी कोरडं वादळ आलं, रस्त्यावरचे खांब पडले. अकराला वीज गेली. हवेचा पंप बंद. सेलवर चालणारा छोटा पंप दोन तासांत बसला. फिल्टर थांबला की पाणी नासतं, श्वास कोंडतो. बरणीतली पिल्लं वर यायला लागली. मी मगानं पाणी वर-खाली ओतत होते, हात भरून आले. वीज उद्यापर्यंत येणार नाही, असं कुणीसं सांगून गेलं.

ह्यांना फोन केला. काय बोलले आठवत नाही, रडलेच बहुतेक. वीस मिनिटांत हे आले. खांद्यावर ट्रकची फुगवलेली ट्यूब. मागून शेजारच्या दुकानदाराच्या डोक्यावर दुसरी. ट्यूबच्या तोंडाला सलाइनची नळी बसवली, नळीला असते ती चाकाची चिमटी. चाक फिरवत फिरवत त्यांनी हवा इतकी बारीक केली, की टाकीत एकामागून एक बुडबुडे सुटायला लागले. पंपासारखेच. फिल्टर चालू झाला.

एक ट्यूब पावणेतीन तास पुरली. संपायच्या आत दुसरी. देगलूर रोडला डिझेलवर हवा भरायचं यंत्र आहे, तिथून हे भरून आणत राहिले. मी मोजलं नाही, सहा-सात खेपा झाल्या असतील. संध्याकाळी आत्यांनी भाकरी बांधून पाठवली. वीज आज सकाळी दहाला आली.

एकही गेला नाही. मोठे नऊ आणि लहान दहा.

मी म्हणाले, तुमचा धंदा बुडाला दोन दिवस. हे ट्यूब गुंडाळत म्हणाले, "हवा भरनं हाच धंदा हाय माझा."

६ जून

सर आले. वॉकर धरून, प्रयोगशाळेच्या चार पायऱ्या चढायला दहा मिनिटं लावली. मी आत उभी. विटा, गोणपाट, टायरची ट्यूब, सलाइनच्या नळ्या. त्यांच्या टाकीचं मी गोठ्यासारखं करून ठेवलं होतं.

ते खुर्चीवर बसले आणि मोजायला लागले. मोठे नऊ. पहिली वाढलेली दहा. मे महिन्यातल्या दोन विणींची एकवीस. तीनदा मोजलं. मग भिंतीवर बघितलं. त्यांच्या तक्त्याशेजारी माझा वेळांचा कागद होता, काढायचा राहिलेला.

मी सगळं सांगून टाकलं. तक्ता मोडला, विचारलं नाही, पहिली नऊ पिल्लं माझ्या हातून गेली, हेही. सर ऐकत होते. मग त्यांनी वॉकरचा आधार घेऊन उठून स्वतःचा तक्ता भिंतीवरून काढला, घडी केली आणि खिशात ठेवला. रागावले असावेत. नंतर बराच वेळ माझी मोठी वही वाचत बसले, मधूनच चष्मा पुसत. उन्हानं डोळ्यांना पाणी येत असेल.

१६ जून, गुरुवार

समिती आली. चौघंजण, त्यांत मुंबईच्या एक मॅडम, समुद्री प्राण्यांच्या तज्ज्ञ. प्राचार्य, सर, सगळे. मला ट्रेमध्ये चहा घेऊन उभं राहायला सांगितलं होतं.

अध्यक्ष म्हणाले, पोरं चौदा, हा विभाग चालवायचा कसा? सर उत्तर देत होते. माझं लक्ष टाकीकडं गेलं. मोठ्या नराला कळा सुरू झाल्या होत्या. काडी धरून वाकत होता. आणि ही सगळी माणसं काचेला चिकटून उभी, एकाच्या हातात मोबाइलचा उजेड.

चहाचा ट्रे मी टेबलावर ठेवला. म्हणाले, "साहेब, तो उजेड बंद करा. सगळ्यांनी दोन हात मागं सरका."

अध्यक्ष सरकले. प्राचार्यही सरकले.  मी पंख्याचं बटण बंद केलं, गोणपाट अर्धं सोडलं, पिल्लांची बरणी तयार ठेवली. दहा मिनिटांत पहिलं पिल्लू आलं. मग दुसरं. समितीतले एक गृहस्थ तोंडावर हात धरून उभे होते. एकूण सोळा झाली. चहा गार झाला तो कुणीच घेतला नाही.

मुंबईच्या मॅडमनी मला विचारलं, आर्टेमिया किती तासांचे घालता? मी सांगितलं. का? तेही सांगितलं, बलकाचं. टाकी सत्तावीसवर कशी राहते, विचारलं. विटांत हात घालून वाळू दाखवली. वीज गेल्यावर काय, तर ट्यूब दाखवली. त्या प्रश्न विचारत गेल्या, मी सांगत गेले. सर मागं खुर्चीत बसून एक शब्द बोलले नाहीत. त्यांनी का मदत केली नाही, कळेना. मॅडमनी माझ्या मोठ्या वहीच्या पानापानाचे फोटो घेतले. एवढ्या गिचमिड अक्षराचे.

जाताना अध्यक्षांनी सरांना विचारलं, या बाई कोणत्या हुद्द्यावर आहेत? सर म्हणाले, "प्रयोगशाळा परिचर. टाकी त्यांची आहे."

२ जुलै

पत्र आलं. विभाग राहिला. यंदा प्रवेशाचे अर्ज एक्केचाळीस. पोरं अर्ज भरायच्या आधी टाकी बघून जातात.

वनखात्याच्या कागदावर देखभाल करणाऱ्या व्यक्तीचं नाव बदलायचं होतं. सरांनी कोरा रकाना माझ्यापुढं ठेवला आणि पेन दिलं. मी म्हणाले, तुमचं असू द्या. ते म्हणाले, माझा हात दुखतो. पाय मोडलेल्या माणसाचा हात कसा दुखतो कोण जाणे. लिहिलं.

२७ ऑगस्ट, शनिवार

लातूरला कार्यशाळा होती. वीस कॉलेजांचे प्राध्यापक. मुंबईच्या मॅडमनी पत्र धाडून मला बोलायला बोलावलं. मी नको म्हणत होते. सरांनी भाषण लिहून दिलं नाही. म्हणाले, मोठी वही घेऊन जा आणि वाचा.

निघताना प्रश्न होता, दिवसभराचं खाणं कोण घालणार? सर औरंगाबादला, हे दुकानावर. आत्या म्हणाल्या, "मी जाते." त्यांनी कॉलेजची पायरी कधी चढलेली नाही. मी म्हणाले, जमेल का? "बाटली रोज मीच बघते की," म्हणाल्या. आणि खरंच, आता आठवून बघते तर बाटली नारंगी झाली की मला हाक मारणारं माणूस रोज तेच आहे.

सभागृह मोठं होतं. सुरुवातीला नुसता माईक मागं-पुढं केला. मग वही उघडली आणि सात एप्रिल वाचलं, सगळी पिल्लं गेली ते. मग नऊ एप्रिल वाचलं.  लोक लिहून घेत होते. मी वीस मिनिटं बोलले की चाळीस, माहीत नाही. शेवटी एका प्राध्यापकांनी उभं राहून विचारलं, मॅडम, हे आपण कुठं शिकलात?

मॅडम म्हणजे कोण, हे कळायला मला वेळ लागला. मग म्हणाले, "उदगीरला. घरी." लोकांनी टाळ्या का वाजवल्या, ते मला नीट कळलं नाही, पण वाजत होत्या बराच वेळ.

परतीच्या बसमध्ये नळेगावच्या पुढं फोन वाजला. आत्यांना फोन लावता येतो, हे मला आजच कळलं. आवाज चढलेला. एप्रिलमध्ये उदगीरला जन्मलेल्या पिल्लांपैकी एक नर आज दुपारी व्याला होता. आत्या एकट्या. पंखा बंद केला, गोणपाट सोडलं, बरणी तयार ठेवली, सगळं त्यांनीच. मी कधी शिकवलं होतं हे? घरी बोलत असते, तेवढंच.

"किती झाली आत्या?"

"चौदा. दोनदा मोजली. चौदाच्या चौदा जित्ती हायत, शेपट्या गुंडाळून बसलीत." जरा थांबून म्हणाल्या, "बापाचं बाळंतपण म्या जल्मात पयल्यांदा केलं. आता त्याला डिंकाचे लाडू कसे चारायचे, ते सांग."

मी बसमध्ये मोठ्यानं हसले. पुढच्या सीटवरच्या बाईनं वळून बघितलं. मी तिला म्हणाले, "घरी चौदा पिल्लं झालीत." ती म्हणाली, "शेळीला?"

मी म्हणाले, "न्हाई. घोड्याला."